बाबूंची तालीम

हावड्याच्या दक्षिणेला, हुगळीच्या पश्चिम काठावर चेंगाइल नावाचं गाव आहे. तिथे लडलो या अमेरिकन कंपनीची तागाची गिरणी होती. 1950 च्या दशकात हार्वर्डचे आहारशास्त्रज्ञ जाँ मायर यांनी पूर्णिमा रॉय आणि कामाख्याप्रसाद मित्र या सहकाऱ्यांबरोबर त्या गिरणीतल्या 213 पुरुषांची पाहणी केली. कोण काय काम करतो, किती खातो, वजन किती, अशी साधी नोंद. एका टोकाला कोळसा ओढणारे आणि गासड्या वाहणारे मजूर होते, दुसऱ्या टोकाला गिरणीच्या आवारातल्या बाजारात दिवसभर मांडी घालून बसणारे दुकानदार. कारकून यांच्या अधेमधे होते, पण तेही सगळे सारखे नव्हते. काही आवारातच राहत आणि चार पावलांत खुर्चीपर्यंत पोहोचत. काही रोज कित्येक मैल पायी येत-जात.

1956 मध्ये छापलेला हा निबंध पोषणशास्त्रात आजही उद्धृत होतो. मेहनत वाढली की माणूस जास्त खातो आणि तरी त्याचं वजन वाढत नाही, यात नवल नव्हतं. नवल होतं आलेखाच्या दुसऱ्या टोकाला. मेहनत अगदीच कमी झाली की भूकही त्या बेताने उतरायला हवी; ती उतरत नव्हती. बैठं काम करणारे हलकं काम करणाऱ्यांपेक्षा जास्त जेवत होते आणि वजनानेही भारी होते. त्याच सुमारास, 1953 मध्ये, लंडनच्या जेरी मॉरिस यांनी दुमजली बसचे चालक आणि कंडक्टर यांची तुलना केली होती. दोघे एकाच बसमधले, पण एक दिवसभर बसतो, दुसरा जिना चढतो-उतरतो. आणि हृदयविकाराचं प्रमाण चढणाऱ्यात कमी निघालं.

बैठी नोकरी शरीराचं काय करते, हा प्रश्न जगात शास्त्राच्या दारातून आला तो असा. कलकत्त्यात तो त्याच्या शंभर वर्षं आधी येऊन बसला होता, अपमानाच्या दारातून.

1841 मध्ये मेकॉलेने वॉरन हेस्टिंग्जवर लिहिताना बंगाली माणसाच्या शरीराची यथेच्छ टवाळी केली. हा माणूस जणू कायम वाफेच्या हमामात राहतो, त्याचे हातपाय नाजूक, त्याचे उद्योग बैठे, असा एकंदर सूर. आता हे बैठे उद्योग त्याला पुरवत कोण होतं? रायटर्स बिल्डिंगमधलं कंपनी सरकार, कस्टम हाउस, व्यापारी पेढ्या, पुढे रेल्वे आणि तागाच्या कंपन्या. लालदिघी तळ्याच्या भोवती उभ्या राहिलेल्या या कचेऱ्यांना हिशेबनीस आणि नकलनवीस हजारोंनी लागत होते. टेबलाला जखडलेल्या माणसाला टेबलामुळे आलेल्या पोकावरून हिणवायचं, हा साहेबाचा न्याय.

एकोणिसावं शतक संपता संपता या केरानीबाबूंच्या, म्हणजे कारकुनांच्या, दिवसाचा साचा पक्का झाला होता. नऊच्या आत भात आणि माशाचं कालवण घाईघाईने पोटात ढकलायचं, दहाच्या ठोक्याला टेबलावर हजर, पाचला सुटका. आंबट ढेकर, जळजळ, अपचन ही बंगाली मध्यमवर्गाची ओळखच बनली. खेड्यापाड्यांतून आलेले कारकून शहरात मेसमध्ये राहत आणि शनिवारी गाडीने घरी जात. ब्योमकेश बक्षीच्या कथा ज्यांनी पाहिल्या-वाचल्या असतील त्यांना ही मेस ठाऊक आहे: चारपाच खोल्या, एक आचारी, दहा नोकरदार.

या दिवसात व्यायामाला जागा कुठे? दोन टोकांना: पहाटे आणि पाचनंतर. इथे भूगोल मध्ये पडतो. कोलकाता मुंबईच्या पूर्वेला साडेपंधरा अंशांवर आहे, म्हणजे सूर्य तिथे तासभर आधी उगवतो. जूनमध्ये पावणेपाच-पाचलाच उजाडतं. दहाची कचेरी गाठणाऱ्याला पाच तासांची सकाळ मिळते. डिसेंबरात मात्र पाच वाजायच्या आतच सूर्य बुडतो. शहराने आपलं स्वतंत्र घड्याळ बराच काळ जपलं होतं. 1906 मध्ये देशाची प्रमाणवेळ ठरल्यावरही कलकत्ता तिच्यापुढे सुमारे 24 मिनिटं चालत राहिलं, ते 1948 पर्यंत. घड्याळ देशाशी जुळवलं त्या दिवशी नोकरदाराची संध्याकाळ 24 मिनिटांनी आखूड झाली. या शहरातली तालीम पहाटेची आणि खेळ उन्हाळ्या-पावसाळ्यातल्या संध्याकाळचे, यामागे हा उजेडाचा हिशेबही आहे.

व्यायामाची पहिली लाट मात्र या कारकुनांसाठी नव्हतीच. उत्तर कलकत्त्यात मस्जिदबाडी स्ट्रीटवर अंबिकाचरण ऊर्फ अंबू गुहा यांनी 1857 च्या सुमारास कुस्तीचा आखाडा काढला. घर गडगंज, पश्चिमेकडून मल्ल बोलावून पदरी ठेवायची ऐपत. तरुण नरेंद्रनाथ दत्त, म्हणजे पुढचे विवेकानंद, या आखाड्यात घुमले. जोडासांकोच्या ठाकूरवाड्यातही पहाटे कुस्ती चाले आणि छोट्या रवींद्रनाथांना एका काण्या पहिलवानाशी झोंबावं लागे. मातीत लोळून पोराचा रंग काळवंडेल ही आईची चिंता. गुहांच्या घराण्यातलाच जतींद्रचरण, म्हणजे गोबर गोहो, 1921 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅड सँटेलला हरवून जागतिक लाइट हेवीवेट विजेता ठरला. मराठी गाण्यांमुळे आपल्याकडे घरचे झालेले मन्ना डे तरुणपणी याच गोबरबाबूंकडे कुस्ती शिकत. हे सगळं थोरच, पण ही ज्यांना दुपारी झोप काढायची मुभा आहे अशांची तालीम. टिळकांनी डेक्कन कॉलेजात पहिलं वर्ष शरीर कमावण्यात घालवल्याची गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. ते विद्यार्थी होते. कारकुनाला वर्षाची रजा कोण देणार?

कारकुनांच्या वर्गापर्यंत व्यायाम आणण्याचा पहिला जाहीर खटाटोप नवगोपाल मित्रांचा. 1867 मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या हिंदू मेळ्यात देशी कापड आणि कलाकुसरीच्या जोडीने कुस्ती, लाठी, कसरती असत. त्यांनी व्यायामशाळाही चालवली. 1870 च्या दशकाच्या आरंभी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर जॉर्ज कॅम्पबेल यांनी सरकारी महाविद्यालयांत जिम्नॅस्टिक्सला उत्तेजन दिलं आणि काही सरकारी पदांच्या उमेदवारांना घोडेस्वारीची अट घातली. नोकरी लागण्यासाठी शरीर दाखवा, असा हा उलटा प्रकार. नोकरी लागल्यावर त्या शरीराचं काय होतं, हे सरकारने विचारलं नाही.

ते एका सरकारी नोकरानेच विचारलं. बंकिमचंद्र चट्टोपाध्याय 1858 पासून 1891 पर्यंत डेप्युटी मॅजिस्ट्रेटच्या हुद्द्यावर होते. कादंबऱ्या लिहिल्या त्या कचेरी सांभाळून. 1888 च्या ‘धर्मतत्त्व’ या ग्रंथात त्यांनी माणसाच्या सगळ्या शक्तींचा, शरीराच्याही, नेमाने विकास करण्याला अनुशीलन म्हटलं. चौदा वर्षांनी हे नाव एका आखाड्यावर चढलं.

24 मार्च 1902, दोलपौर्णिमा. उत्तर कलकत्त्यात मदन मित्र लेनमध्ये सतीशचंद्र बसूंनी अनुशीलन समितीची सुरुवात केली. अध्यक्ष झाले हायकोर्टातले बॅरिस्टर प्रमथनाथ मित्र. बरोबर तीन दिवसांनी, 27 मार्चला, एस्प्लनेडहून खिदिरपूरला शहरातली पहिली विजेची ट्राम धावली. 1880 पासून घोड्यांची ट्राम होतीच. आता ती वेगवान झाली आणि हळूहळू नोकरदाराचं रोजचं चालणंही गिळू लागली. एकाच आठवड्यात शहराने पायांना सुट्टी दिली आणि लाठीला हात घातला! हा योगायोगच. पण इतिहासात असे योगायोग मिळाले की सोडवत नाहीत.

या आखाड्यांच्या मुळाशी मराठी धागे बरेच आहेत. ‘देशेर कथा’ या गाजलेल्या बंगाली पुस्तकाचे लेखक सखाराम गणेश देऊस्कर हे देवघरला वाढलेले मराठी गृहस्थ. आधी शाळामास्तर, मग ‘हितवादी’त पत्रकार, म्हणजे तेही नोकरदारच. त्यांच्या पुढाकाराने 1902 मध्ये कलकत्त्यात शिवाजी उत्सव सुरू झाला. 1906 च्या उत्सवाला टिळक स्वतः आले. बडोद्यात नोकरी करणाऱ्या अरविंद घोषांनी त्याच 1902 साली तिथल्या लष्करात शिकलेल्या जतींद्रनाथ बॅनर्जींना कलकत्त्याला धाडलं. अप्पर सर्क्युलर रोडवर त्यांनी घोडेस्वारी, सायकल, लाठी यांचा वर्ग मांडला. रवींद्रनाथांची भाची सरलादेवी घोषाल यांनी मुर्तझा नावाच्या उस्तादाला नेमून मुलांना लाठी-तलवार शिकवली आणि दुर्गापूजेतल्या अष्टमीला वीराष्टमीचा उत्सव चालू केला. त्यांचे मामा सत्येंद्रनाथ ठाकूर सोलापूर, साताऱ्याकडे न्यायाधीश होते.

अनुशीलनचा इतिहास बॉम्ब-पिस्तुलांच्या अंगाने पुष्कळ लिहिला गेला आहे. त्याचं दुसरं अंग असं, की पोटापाण्याच्या उद्योगाला धक्का न लावता शरीर घडवण्याची ही या शहरातली पहिली मोठी व्यवस्था होती. आखाडा घराजवळ, वर्गणी किरकोळ, वेळ कचेरी-कॉलेजच्या आधी किंवा नंतर, आणि सोबतीला गल्लीतलीच पोरं. दांडी मारली तर संध्याकाळी कोणीतरी घरी येऊन विचारणार. आजच्या जिमवाल्यांना लाखो रुपये घालून जे साधत नाही ते इथे फुकट साधत होतं.

या सगळ्यांत नोकरी आणि तालीम यांची सांगड ज्याने टोकाला नेली तो माणूस सरकारी स्टेनोग्राफर होता. जतींद्रनाथ मुखर्जी, जन्म 1879, नदिया जिल्ह्यातल्या कोया गावचा. कलकत्त्यात कॉलेजात असताना तो गुहांच्या आखाड्यात जाऊ लागला. टंकलेखन आणि लघुलेखन शिकला. 1899 मध्ये मुजफ्फरपूरला बॅरिस्टर प्रिंगल केनेडी यांच्याकडे स्टेनो म्हणून लागला आणि तिथल्या पोरांना फुटबॉल, कसरतीच्या नादाला लावलं. (याच केनेडींची पत्नी आणि मुलगी 1908 मध्ये खुदिराम बोस व प्रफुल्ल चाकी यांच्या बॉम्बला चुकून बळी पडल्या, त्या बॉम्बवरच्या ‘केसरी’तल्या लेखांसाठी टिळक सहा वर्षं मंडालेला गेले.) पुढे जतींद्रनाथ बंगाल सरकारच्या अर्थखात्याचे सचिव हेन्री व्हीलर यांचा स्टेनो झाला. दिवसा साहेबाच्या पत्रांचं श्रुतलेखन, उरलेल्या वेळात आखाडे आणि गुप्त मंडळ्या.

1906 मध्ये गावी गेला असताना त्याची वाघाशी गाठ पडली. हातात होता फक्त मोठा सुरा. वाघ मेला, जतींद्रनाथ मरता मरता वाचला आणि ‘बाघा जतीन’ झाला. सर्जन सुरेशप्रसाद सर्वाधिकारींनी त्याच्या जखमा बऱ्या केल्या. 1908 मध्ये सिलिगुडी स्टेशनवर त्याने चार इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांना एकट्याने बडवलं; खटला उभा राहिला आणि मागे घेतला गेला. एका हिंदुस्थानी स्टेनोने चौघांना लोळवल्याची साक्ष कोर्टात द्यायची म्हणजे साहेबांची शोभाच. 1910 मध्ये हावडा कटाच्या खटल्यात अटक झाली, पुढच्या वर्षी निर्दोष सुटला, पण सरकारी नोकरी गेली. मग जेसोर-झिनाइदह रेल्वेमार्गाची कंत्राटं घेतली. पोलिसांशी बालासोरजवळ झालेल्या चकमकीत जखमी होऊन 10 सप्टेंबर 1915 ला तो वारला. आज त्याच्या नावाने दक्षिण कोलकात्यात वस्ती आणि रेल्वे स्टेशन आहे. तिथून सकाळी लोकल भरभरून नोकरदार शहरात येतात.

1909 मध्ये समितीवर बंदी आली. आखाड्याला जाणं म्हणजे पोलिसांच्या यादीत जाणं, असे दिवस आले. कारकुनाच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता: दंड-बैठका काढाल तर नोकरी जाईल. वीसेक वर्षांत व्यायामाने नवं, जरा निरुपद्रवी दिसणारं घर शोधलं. 1926 मध्ये विवेकानंदांच्याच मोहल्ल्यात अतींद्रनाथ बसूंनी सिमला व्यायाम समिती काढली आणि त्याच वर्षी तिची सार्वजनिक दुर्गापूजा सुरू झाली. बागबाजारच्या सार्वजनिक पूजेत आजही अष्टमीला लाठी-तलवारीचे खेळ होतात. अंदमान भोगून आलेले ढाक्याचे लाठीबहाद्दर पुलिनबिहारी दास यांनी 1928 मध्ये कलकत्त्यात बंगीय व्यायाम समिती काढली. तालीम, वाचनालय आणि उत्सव एका छपराखाली, ही मांडणी गणेशोत्सवी मंडळं आणि तालमी पाहिलेल्या पुणेकराला समजावून सांगायला नको.

तोवर शहरातले हजारो नोकरदार दुसऱ्याच गोष्टीच्या मागे लागले होते. लालदिघीभोवतीच्या डलहौसी स्क्वेअरच्या कचेऱ्या आणि मैदान यांत पायी जाण्याइतकंच अंतर. चारशे हेक्टरचं हे पटांगण फोर्ट विल्यमच्या तोफांपुढे मोकळी जागा हवी म्हणून राखलेलं, लष्कराच्या मालकीचं. पाच वाजता सुटलेल्या शहराला ते आयतंच मिळालं. 29 जुलै 1911 ला मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहा अनवाणी होते. बूट घालणारे एकटे सुधीर चॅटर्जी, आणि ते भवानीपूरच्या मिशनरी महाविद्यालयात शिकवत. गर्दी इतकी, की मागच्यांना कळावं म्हणून पतंगांवरून गोल कळवले गेले. शिकणारे आणि नोकऱ्या करणारे पडद्यामागे सराव करून पलटणीला हरवू शकतात, हे शहराने डोळ्यांनी पाहिलं.

कचेऱ्यांनीही ते पाहिलं. कस्टम्स, पोर्ट कमिशनर्स, पोलीस, बंगाल नागपूर रेल्वे, ईस्टर्न रेल्वे या सगळ्यांचे संघ मैदानात उतरले. फुटबॉलमध्ये, आणि त्याहून जोरात हॉकीत. खेळाडूला नोकरी द्यायची आणि सरावाला मोकळं सोडायचं, ही रीत इथे चांगलीच रुजली. ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्ण आणि एक रौप्य मिळवणारे लेस्ली क्लॉडियस कस्टम्सच्या नोकरीत होते. 1960 च्या रोम ऑलिंपिकमध्ये भारताच्या फुटबॉल संघाचं नेतृत्व करणारे पी. के. बॅनर्जी ईस्टर्न रेल्वेचे नोकर. मोठ्या क्लबांची बोलावणी आली तरी त्यांनी रेल्वे सोडली नाही. 1958 मध्ये त्यांच्या संघाने कलकत्ता लीग जिंकली. त्यानंतर मोहन बागान, ईस्ट बंगाल आणि मोहमेडन या तिघांच्या बाहेरचा विजेता दिसायला 2019 साल उजाडावं लागलं. तो होता पीअरलेस, पुन्हा एका कंपनीचाच संघ.

हे वैभव खरं, पण त्याचा एक परिणाम फारसा कोणी सांगत नाही. कचेरीने व्यायामाचा वेळ द्यायला सुरुवात केली ती अकरा जणांना. बाकीचे पाचशे गॅलरीत बसले. पाचला खुर्चीतून उठून साडेपाचला फळीवर बसायचं, शेंगदाणे फोडायचे, घसा बसेपर्यंत ओरडायचं आणि ट्रामने घरी. मैदानाने बंगाली नोकरदाराला फुटबॉलचं वेड दिलं. त्याच्या पोटाचा घेर मात्र होता तसाच राहिला.

आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी मैदानाचा दुसरा उपयोग दाखवला. बंगाल केमिकलचे हे संस्थापक जन्मभर अपचन आणि निद्रानाश यांनी गांजलेले होते. प्रेसिडेन्सी कॉलेज आणि पुढे सायन्स कॉलेजमधलं काम, कारखाना, दुष्काळ-पुराची मदतकार्यं यांच्या ढिगाऱ्यात त्यांनी एक गोष्ट कधी सोडली नाही: संध्याकाळी मैदानावरचा फेरफटका आणि तिथे मित्रशिष्यांशी गप्पा. बंगाली तरुणाने कारकुनीच्या मागे धावून मेंदू आणि शरीर दोन्ही वाया घालवलं, हे ते आयुष्यभर कडाडून सांगत आले. स्वतः मात्र चालत राहिले. किडकिडीत अंगाचा, पोट बिघडलेला हा माणूस 1944 मध्ये 82 व्या वर्षी गेला.

घरात बसून व्यायाम करण्याची सोय लावली ती बंगाल नागपूर रेल्वेतल्या एका अधिकाऱ्याच्या मुलाने. भगवतीचरण घोष यांचा दुसरा मुलगा मुकुंद हा परमहंस योगानंद होऊन अमेरिकेला गेला. धाकट्या विष्णुचरणाने 1923 मध्ये कलकत्त्यात शरीरशिक्षणाचं कॉलेज काढलं. आसनं, वजनं आणि स्नायूंवरचा ताबा यांची त्याने मिसळ केली. 1930 मध्ये केशव सेनगुप्तांबरोबर त्याने या स्नायू-नियंत्रणावर सचित्र इंग्रजी पुस्तक काढलं. तिथे येणाऱ्यांत मल्ल होऊ पाहणारे थोडे. पाठदुखी, पित्त, मधुमेह घेऊन येणारे नोकरदारच जास्त, आणि त्यांना डॉक्टरच्या चिठ्ठीसारखी आसनांची यादी लिहून मिळे. घोषबाबूंनी बायकांनाही शिकवलं. त्यांची शिष्या रेबा रक्षित सर्कशीत छातीवरून हत्ती चालवून घेई. त्याच काळातले ‘लोहमानव’ नीलमणी दास यांनी व्यायामाचे तक्ते छापले. भिंतीवर टांगायचे आणि चित्र पाहून करायचे. मेसमधल्या सहा फुटांच्या कोपऱ्यात, आंघोळीच्या आधी. आपल्याकडे औंधच्या पंतप्रतिनिधींनी सूर्यनमस्कार घराघरांत नेले, त्याच जातीचं हे काम.

आणि मनोहर आइच. 1912 मध्ये कुमिल्ला भागात जन्म, उंची चार फूट अकरा इंच. 1942 मध्ये रॉयल एअर फोर्समध्ये नोकरी लागली. तिथल्या एका ब्रिटिश अधिकाऱ्याने, रूब मार्टिनने, त्यांना वजनांचा व्यायाम शिकवला. दुसऱ्या एका अधिकाऱ्याने हिंदुस्थानाविषयी उद्धट शेरा मारला तेव्हा आइचनी त्याच्या थोबाडीत दिली. तुरुंग झाला. तिथे साधनं नव्हती, वेळ मात्र पुष्कळ. त्यांचा व्यायाम कित्येक तास चाले, आणि ते पाहून तुरुंगाच्या अधिकाऱ्यांनी खुराक वाढवून दिला. सुटल्यावर पोटासाठी सियालदा स्टेशनवर नारळ विकले. 1951 मध्ये मनतोष रॉय मिस्टर युनिव्हर्स स्पर्धेत आपल्या गटात पहिले आले. आइच दुसऱ्या क्रमांकावर राहिले. परत न येता त्यांनी लंडनमध्ये ब्रिटिश रेल्वेत नोकरी धरली आणि कामाच्या आधी-नंतर तयारी करून 1952 मध्ये आपल्या गटाचा किताब जिंकला. भात, मासे, डाळ, भाज्या एवढ्यावर जगून 2016 मध्ये वयाच्या 104 व्या वर्षी ते गेले.

या यादीत बायका कमी आहेत. फाळणीनंतर निर्वासित घरांतल्या मुली हजारोंनी नोकरीला बाहेर पडल्या. सत्यजित राय यांच्या 1963 च्या ‘महानगर’मधली आरती दारोदार विणकामाची यंत्रं विकते आणि घरी येऊन पुन्हा घर सांभाळते. दिवसाची दोन टोकं, जी पुरुषांना तालमीसाठी मिळत, ती या बाईच्या वाट्याला चुलीसकट आली. दुसरी आरती, आरती साहा, रेल्वेत नोकरीला होती आणि 29 सप्टेंबर 1959 ला इंग्लिश खाडी पोहून जाणारी पहिली आशियाई स्त्री ठरली. लहानपणापासून हाटखोला क्लबचं पाणी तिला मिळालं होतं. ते सगळ्याच मुलींना मिळत नव्हतं.

आजचं चित्र विस्कळीत आहे. गोआबागानच्या गोबर गोहो जिम्नॅशियममध्ये माती आहे आणि यंत्रंही. हावडा पुलाखालच्या फुलबाजाराजवळ घाटावर पहाटे कुस्ती चालते; येणारे हमाल, दुकानांतले नोकर, पहारेकरी. रवींद्र सरोवर आणि व्हिक्टोरियाच्या बागेत सहाच्या आत फिरणाऱ्यांची रीघ लागते, त्यात निवृत्तांचा भरणा मोठा. मोहल्ल्यातल्या क्लबांत कॅरम आणि टीव्ही आले. राज्य सरकारने 2011 नंतर खेळाच्या नावाखाली त्यांना लाखांची अनुदानं दिली, आणि मतांसाठीची खैरात म्हणून त्यावर टीकाही खूप झाली. सॉल्ट लेकच्या सेक्टर फाइव्हमध्ये संगणकासमोर बसणाऱ्यांची पाळी अमेरिकेच्या घड्याळावर चालते. त्यांच्या बाबतीत पहाट आणि पाचनंतर हे जुनं गणितच मोडलं. ते रात्री अकराला जिम शोधतात.

आठवड्याला किमान 150 मिनिटांचा मध्यम व्यायाम हवा, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. नोकरदाराला ही मिनिटं सगळ्यात स्वस्त मिळतात ती जाण्या-येण्याच्या वाटेवर, चेंगाइलच्या चालत येणाऱ्या कारकुनांना मिळत होती तशी. कोलकाता सपाट आहे, अंतरं लहान आहेत, सायकलीला याहून सोयीचं मोठं शहर देशात क्वचितच सापडेल. पोलिसांनी 2008 मध्ये 38 रस्त्यांवर सायकलींना बंदी केली आणि 2013 मध्ये ही संख्या 174 वर नेली; कारण दिलं वाहतुकीच्या वेगाचं. दूधवाले, पेपरवाले, वीजतंत्री, घरकामाच्या बायका यांनी ओरड केली, मोर्चे निघाले, यादी थोडी आक्रसली. जून 2020 मध्ये टाळेबंदी सैल होऊन कचेऱ्या उघडल्या आणि बसगाड्या पुरेनात, तेव्हा सरकारने सायकलींना मुभा दिली, पण लहान रस्त्यांपुरती. डलहौसीच्या, म्हणजे आताच्या बिबादी बागेच्या, कचेरीत सायकलने जायचं ठरवलेल्या बाबूला त्या पावसाळ्यात आधी गल्लीबोळांचा नकाशा पाठ करावा लागला.